भाडेपट्ट्यावरचं माहेर

साडूने परदेशात, समुद्रातल्या एका बेटावर बंगला घेतला हे कळल्यापासून पेंटरच्या घशाखाली घास उतरेना. त्याचं घर चालायचं पाट्यांवर: दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ‘येथे वाहने लावू नयेत’च्या. छापील फलक आले आणि धंदा निम्म्यावर आला. साडू मात्र कालपर्यंत नळाच्या तोट्या विकणारा, आणि आज म्हणे परदेशी गुंतवणूकदार! तोट्या विकून बेटावर बंगला कसा होतो, हा प्रश्न पेंटर उठताबसता बायकोला विचारी, जणू तिनेच तो बांधून दिला होता.

थोरली मेव्हणी रोज मोबाइलवर फोटो पाठवी. माडांची रांग, पांढरी वाळू, व्हरांड्यात पाय पसरून बसलेला साडू. बायको दोन बोटांनी फोटो मोठा करून बघे. ही बंगला बघतेय की त्याला, असं पेंटरच्या मनात येई आणि स्वतःचाच राग येई. जळफळाट इतका, की साडूच्या टकलावर पडलेलं ऊनसुद्धा त्याला आपल्या वाटणीचं वाटू लागलं.

त्यात साडूचाच फोन आला. दारावर पाटी हवी होती, आणि ती पेंटरच्याच हातची. नाव मेव्हणीने ठरवलं होतं: माहेर. दोघी बहिणींचे आईवडील गेले, मागून भावाने घर विकलं, तेव्हापासून हक्काने जावं असं दार दोघींनाही उरलं नव्हतं. धाकटीने पाटी घेऊन यावं आणि चांगलं महिनाभर राहावं, तिकीट आपण काढतो, असं साडू म्हणाला. पेंटर तोंडाने ‘बघू’ म्हणाला, पण त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग साडू सहज बोलून गेला, की पाटी जरा हलकीच कर, दाराच्या खांबाला मोठी भोकं पाडायची नाहीत. तिथे परक्या देशाच्या माणसाला जमीन विकत मिळत नाही. बंगला आपला, पण खालची जमीन भाडेपट्ट्याची. मुदत संपली की बंगल्यासकट ज्याची त्याला परत.

पेंटरला आकाश ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी तो शीळ घालतच पाटी रंगवायला बसला. बायको चहा घेऊन आली, तेव्हा अक्षरं झाली होती, फक्त वरची शिरोरेषा राहिली होती.

“वीतभर जमीन नाही तुझ्या भाऊजींच्या नावावर,” तो म्हणाला. “वर बारीक अक्षरात लिहू का, भाडेपट्ट्यावरचं?”

बायको हसली नाही.

“बाबांच्या घरात आम्हा दोघींच्या नावावर काय होतं?” ती म्हणाली. “माहेर कधी नावावर असतं का?”

पेंटरला ते दिवस आठवले. भावाने घर विकलं तेव्हा ती कोपऱ्यात बसून रडली होती, आणि याने एका शब्दाने तिची समजूत काढली नव्हती. तो पडत्या आवाजात म्हणाला, की मग मीही येतो.

“या की,” ती कपबशी उचलत म्हणाली. “महिना संपला की, मला न्यायला.”

म्हणजे साडू दारात उभा राहून ‘या जावईबापू’ म्हणणार, आणि याने पाय धुऊन आत जायचं. पेंटरने दात-ओठ खात ब्रश बुडवला आणि शिरोरेषा ओढली. ती वाकडी यावी असं त्याला मनापासून वाटत होतं. हाताने मात्र त्याचं ऐकलं नाही.