ज्या घरी चूल पेटत नाही

नायगावपासून भोईवाड्यापर्यंतच्या पट्ट्यात माझ्या सासऱ्यांइतका लाडका माणूस दुसरा झाला नाही, आणि तरीही त्यांनी पातेलं घेऊन आपल्या दारात उभं राहावं असं कोणालाही कधी वाटलं नाही. माणूस गेला की त्या दिवशी त्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भात आणून वाढतात, ही रीत सगळीकडे आहे. पण सासऱ्यांच्या चाळीत ‘शेजारपाजारचे’ म्हणजे चाळीस वर्षं एकटे माझे सासरे. मंडळी स्मशानातून परतायच्या आत यांचा भात मुरलेला असायचा. खांद्यावर पंचा, फडक्यात धरलेलं भलंमोठं पातेलं, हात मोकळे नाहीत म्हणून दार खांद्याने लोटायचं आणि कोणाचं सांत्वन वगैरे न करता पानं मांडायला घ्यायची. “आधी दोन घास. बाकीचं आहेच,” एवढंच बोलायचे. मोठमोठ्या नातेवाइकांच्या समजुतीने जी माणसं हलली नाहीत ती या वाक्याने निमूट पाटावर येऊन बसलेली मी पाहिली आहेत.

याचा परिणाम असा झाला की आजारी माणसाची चौकशी करायची सोय त्यांना उरली नाही. तळमजल्यावरचे एक म्हातारे कंत्राटी ड्रायव्हर तापाने फणफणले होते. सासरे नुसते दारात थांबून मायेने म्हणाले, “काय, कसं वाटतंय?” झालं! म्हाताऱ्याने पांघरूण भिरकावलं, चपला चढवल्या आणि नाक्यापर्यंत फेरी मारून आला. वर खिडकीकडे बघून ओरडला, “मी ठणठणीत आहे, तुमचा भात तुम्ही खा!” तो पुढे नऊ वर्षं जगला. सासरे हे औषधच आहेत असं चाळीतले लोक म्हणत, आणि ते स्वतः खाली मान घालून, “मी खरंच सहज विचारलं हो,” असं पुटपुटत राहत. सासूबाई हसत हसत म्हणायच्या, “ह्यांका जित्या माणसांचो कंटाळो येता.”

तसं काही नव्हतं. जिवंत माणसांवरही त्यांचा तितकाच जीव. हळदीचं जेवण असो, दहीकाल्याचा फराळ असो, पूजेचा प्रसाद असो, मोठी चूल पेटली की हे सरकारी कचेरीतली अर्धी रजा टाकून हजर. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही चुलीसमोरच. मी गिरगावातला. आमच्या घरी पुरुषांनी स्वयंपाकघरात जायचं ते पाण्याचा तांब्या शोधायला, आणि तो सापडत नाही म्हणून ओरडायला. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, तो नेमकी शेजाऱ्याच्या मुलाची हळद. कडक इस्त्रीचा सदरा घालून मी उभा, आणि सासऱ्यांनी माझ्यापुढे पाच किलो कांद्याची पिशवी ठेवली. “तुमच्याकडे जावई काय करतात मला ठाऊक नाही, जावईबापू. इथे कांदा चिरतात.” तेव्हापासून वीस-बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून कांदाच चिरला. त्यापुढे बढती नाही! झारा हातात घ्यायचा तर सोडाच, पातेल्यावरचं झाकण उचलायचीही मला परवानगी नव्हती. मीही कधी मागितली नाही. धुराने अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी त्यांचे हात बघत बसायचं, कुठून तरी काळ्या वाटाण्याचा वास यायचा, आणि ती दुपार संपूच नये असं वाटायचं.

दर बुधवारी ते माझ्या बायकोसाठी डबा घेऊन बसने गिरगावात यायचे. कधी कुळथाची पिठी, कधी घावणे, कधी नुसतं सुकं खोबरं घातलेलं काहीतरी. पण जिना चढायचे नाहीत. लेकीच्या सासरी सारखं जायचं नसतं, हा त्यांचा नियम. मग हे रस्त्यात उभे राहून आमच्या गॅलरीकडे बघून हाका मारणार, आणि आख्ख्या वाडीला कळणार की आज घावणे आलेत. मी एकदा चिडून म्हटलं, “अहो, वर या ना, लोक हसतात.” तर म्हणाले, “हसू देत. डबा गार होईल, तुम्ही खाली या.” आणि इतकं सगळं जगाला खाऊ घालणारा हा माणूस स्वतः मात्र सासूबाई जेवल्याशिवाय घास घ्यायचा नाही. दिवसातून चार वेळा विचारायचे, “गो, जेवलंस?” ती जेवलेली असली तरी विचारायचे. तिला त्याचा वैताग यायचा आणि एखाद दिवशी विचारलं नाही तर जास्त वैताग यायचा.

मग पुनर्विकासासाठी चाळ रिकामी झाली. निम्मी बिऱ्हाडं संक्रमण शिबिरात गेली, कोणी अँटॉप हिलला भाड्याने राहिलं, आणि सासऱ्यांना पहिल्या खेपेतच नव्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर घर मिळालं. घर काय सुंदर होतं! खिडकीत उभं राहिलं की संध्याकाळी परळच्या दिव्यांवर धूसर धुकं उतरताना दिसायचं, आणि सगळं शहर तरंगतंय असं वाटायचं. सासरे मात्र खिडकीकडे पाठ करून बाहेरच्या पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसायचे. समोरासमोर चार दारं, चारही बंद. एकदा मी शेजारी बसलो तर हळूच म्हणाले, “इथे कोणाच्या घरी काय झालं ते कळायचं कसं?” मी म्हटलं, “लोक फोन करतील.” त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, “ते जाऊ द्या. मी गेलो, तर त्या दिवशी हिच्यापुढे पान कोण वाढणार? ती उपाशी राहील, जावईबापू. मला बाकी कसली काळजी नाही.” मी उगाच मोठ्याने हसलो आणि म्हटलं, “काहीतरीच काय बोलता!”

आधी गेल्या त्या सासूबाई. सकाळी चहा गाळता गाळता बसल्या त्या उठल्याच नाहीत. भोईवाड्याच्या स्मशानात जुनी चाळ लोटली होती. अँटॉप हिलवरून, शिबिरातून, कुठून कुठून माणसं आली. सगळे रडले, सासऱ्यांच्या पाठीवर हात फिरवून आपापल्या घरी गेले. आम्ही सतराव्या मजल्यावर परतलो, आंघोळी झाल्या, दुपारचे तीन वाजले, आणि माझ्या लक्षात आलं की जेवण आलेलं नाही. येणार तरी कुठून? चाळीस वर्षं प्रत्येक जण असाच स्मशानातून घरी गेला होता, ‘जेवणाचं बघेल कोणीतरी’ म्हणत. आणि ते ‘कोणीतरी’ आज भिंतीला टेकून बसलं होतं. सकाळपासून तोंडातून एक शब्द नाही, पाण्याचा घोट नाही. बायको माझ्या कानाशी रडवेली होऊन म्हणाली, “बाबांनी काही खाल्लं नाही तर आपण त्यांनाही घालवून बसू.” मी मोबाइल काढला आणि हॉटेलातून काहीतरी मागवायला लागलो. सासऱ्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल खिशात ठेवला. उभ्या आयुष्यात मला इतकी लाज वाटली नव्हती.

मग मी पॅसेजमध्ये गेलो आणि समोरचं दार वाजवलं. कानाला हेडफोन लावलेली तिशीची एक बाई बाहेर आली. आम्ही एकमेकांना लिफ्टमध्ये फार तर ओझरतं हसलो असू. मी काय बोललो ते मला धड आठवत नाही. आमच्याकडे असं असं झालंय, आमच्या घरात आज चूल पेटवायची नाही, तुमच्या पेटवू का, असं काहीतरी. तिने हेडफोन काढले, लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, “या ना काका, आत या. पण मला पिठलं येत नाही हां.” मी म्हटलं, “मला कांदा चिरण्यापलीकडे काही येत नाही.” तर म्हणाली, “मग बघू या, दोघं मिळून काहीतरी होईलच.” झालंही काहीतरी! तिने भात लावला. मी उकळत्या पाण्यात कोरडं बेसन ओतलं आणि नंतर दोघं मिळून चमच्याने त्याच्याशी मारामारी करत बसलो. खाली लागल्याचा वास सुटला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि या वेळी समोर कांदाही नव्हता. मी म्हटलं, “हे त्यांच्यापुढे ठेवायची माझी हिंमत नाही.” ती म्हणाली, “तुम्ही नका ठेवू. बाहेरच्यानेच आणायचं असतं ना? मी नेते.” आणि गरम पातेलं ओढणीत धरून ती बाई आमच्या घरात शिरली.

तिला पानं कशी मांडतात तेही माहीत नव्हतं. पण तिने सासऱ्यांपुढे ताट ठेवलं, भात वाढला, वर ते पिवळं ढेकळांचं पिठलं वाढलं आणि समोरच जमिनीवर बसून राहिली. सासऱ्यांनी ताटाकडे पाहिलं. सवयीने मान वळवून आतल्या दाराकडे पाहिलं. ओठ हलले, पण विचारायचं ते कोणाला? मग त्यांनी भात कालवला, एक घास तोंडात घातला, बराच वेळ चावला, आणि सकाळपासून पहिल्यांदा बोलले.

“गाठी राहिल्यात, बाळ. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यावं.”

“हो आजोबा,” ती म्हणाली.

“आणि आच बारीक.”

“हो.”

“वाढ अजून थोडं,” असं म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले. रडत रडत ते सगळं जेवले. गाठी बोटांनी फोडून फोडून खाल्ल्या, ताटात एक शीतही ठेवलं नाही.

पुढे दोन वर्षं होते ते. समोरचं दार दिवसा उघडंच असायचं आणि त्या बाईचा लॅपटॉप एका बाजूला आणि सासऱ्यांची परात दुसऱ्या बाजूला अशी शिकवणी चालायची. मी बुधवारी डबा घेऊन जायचो, तर हे दोघं मला कांदे देऊन बसवायचे. ते गेले त्या दिवशी भोईवाड्याहून परत आलो तेव्हा तिने पानं मांडून ठेवलेली होती. तिने माझ्या पानात वाढलं. मऊसूत पिठलं झालं होतं. मी दोनदा मागून घेतलं. सारखं वाटत होतं, त्यांनी हे खाऊन बघायला हवं होतं.