पूलचे दिवे आणि रविवारची पाटी

मंडळी, सापडलं! रविवारपासून आमच्या कात्रजच्या सोसायटीत स्विमिंग पूलचे दिवे लावले की ब्रेकर पडत होता. आज दुपारी कारण सापडलं आणि मला अजून एका जागी बसवत नाहीये!

दिवे बारा व्होल्टचे. काल आमचे वायरमन शिंदे यांनी ट्रान्सफॉर्मर नवा बसवला, तरी तेच. शेवटी मीच कमिटीत तावातावाने म्हणालो, "शिंद्यांना जमत नाही, दुसरा वायरमन बघा."

आज शिंदे आले. मेन बंद करून त्यांनी सहाही दिव्यांच्या वायरी ट्रान्सफॉर्मरपासून सोडवल्या. ब्रेकर चढवला, टिकला! मग दर वेळी मेन बंद करून एकेक दिवा जोडत गेले. चार लागले. पाचवा जोडला आणि खट्!

दिवा बदलून पाहिला, तरी खट्. "म्हणजे वायरीतच आहे," म्हणत ते भिंतीच्या कडेने निघाले. मी मागोमाग.

वायर भिंतीच्या आतून जाते. तिच्या वाटेवर एक पाटी होती: 'आधी अंघोळ, मग पूल. हे लिहावं लागतं, याचं वाईट वाटतं.'

पाटीचा लांब स्क्रू थेट वायरीत घुसला होता! शिंद्यांनी तो काढला, तेवढी वायर बदलली. सहाच्या सहा दिवे, भर दुपारी, झकास!

"पाटी छान आहे," शिंदे म्हणाले. "लावली कोणी?"

रविवारी, नवं ड्रिल घेऊन, मीच.

सहा वाजता कमिटीची मीटिंग आहे. विषय एकच, वायरमन बदलणे. ठराव माझाच आहे. सांगा, सुरुवात कशी करू?