पोपटाची साक्ष घेणारे बिरादार डॉक्टर

गुरांचे डॉक्टर बिरादार धन्याशी बोलतच नसत. म्हैस आणली की म्हशीला विचारत, बोकड आणला की बोकडाला: "काय खाल्लं? खरं सांग!" आवाज असा, की लातुरात विचारलं तर औशाच्या किल्ल्यातली वटवाघळं उडावीत. जनावर निवांत रवंथ करत राही, धनी मात्र घाबरून सगळं कबूल करी. "इचारायचं जनावराला आन् बघायचं धन्याच्या तोंडाकडं," ते मला म्हणत. दवाखान्याला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान. माझी गिऱ्हाइकंसुद्धा त्या आवाजानं दचकून न विचारता आपापली पापं सांगून टाकत.

समोर राबिया खाला राहत. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे त्यांच्या सिकंदर पोपटानं इतका कालवा केला, की त्याला चपलेनं हाणायला खाला बाजेवरून उठल्या, पिंजरा उचलून अंगणात आल्या आणि मागं घराचं अख्खं मातीचं माळवद खाली बसलं. पुढं सिमेंटचं घर झालं, तरी सिकंदर उशाशी असल्याशिवाय खाला छताखाली पाठ टेकत नसत. मग काय, आमच्या गल्लीत माणसांपेक्षा पोपट जास्त झाले.

पुढं क्लासेसची लाट आली. खालांनी घरावर माडी चढवली आणि नांदेड, देगलूर, अर्धापूरची पोरं भाड्यानं ठेवली.

आणि एक दिवस सिकंदर दांडीवरून धपकन पडला. छातीवर लिंबाएवढी गाठ! खालांनी त्याच दिवशी बाज अंगणात काढली. "डाक्टरसाब, ह्याला काय झालं तर मला उठवणार कोण?"

डॉक्टरांनी म्हैस चाचपणाऱ्या त्या बोटांनी गाठ अशी हळू दाबली, की मलाच गुदगुल्या झाल्या. मऊ, कातडीखाली सरकणारी. बारीक सुईनं थेंब काढून काचेवर पसरला. बराच वेळ झाला तरी तो वाळेना.

"चरबी हाय, खाला. आत्ता कापायचं न्हाई, एवढ्याशा जिवात रगत ते किती! शेंगदाणे, सूर्यफूल बंद. मेथी, पेरू, मिरची द्या. आन् चालवा ह्याला."

"कसम से, मी मिरचीशिवाय कायच देत नाही!"

डॉक्टरांनी खालांच्या तोंडाकडं पाहिलं. बाई खरं बोलत होती.

महिन्यानं गाठ आणखी फुगली. डॉक्टरांनी माडीवरची सगळी पोरं खाली बोलावली आणि पिंजऱ्यापुढं गरजले, "सिकंदर! कोण चारतंय? खरं सांग!"

सिकंदर चोचीनं पंख साफ करत राहिला. देगलूरचा एक जण मात्र रडकुंडीला आला. "सर, माझे दोनच शेंगदाणे होते! तेबी फिजिक्ससाठी!"

मग सगळंच बाहेर आलं. ज्याला भूकंप आधी कळतो, त्याला पेपर कळणार नाही? टेस्टच्या आदल्या दिवशी सिकंदरला दाणे चारले की मार्क वाढतात, अशी माडीची श्रद्धा होती.

नवस काही ही पोरं सोडणार नाहीत, हे डॉक्टरांनी ओळखलं. "नवस चालू द्या," ते म्हणाले. "पर आता दाणा चालत न्हाई. मेथीचं पान, तेबी माडीवर. जिना सिकंदर सोता चढला, तरच मार्क."

रोज संध्याकाळी उद्याचे इंजिनिअर-डॉक्टर पायरीपायरीवर मेथी धरून "चला सिकंदरभाई!" करून राहिलेत आणि पोपट पोट घासत वर चढून राहिलाय! पावसाळा संपेतो गाठ वाटाण्याएवढी उरली, सिकंदर पंख्यावर जाऊन बसू लागला आणि खालांची बाज घरात गेली. मार्कांचं म्हणाल, तर एका क्लासवाल्यानं गुणवंतांच्या जाहिरातीत छापायला सिकंदरचा फोटो मागितला होता. पटत नसेल तर सिकंदरला विचारा.

पुढं डॉक्टर गेले. त्यानंतर पहिल्यांदाच खालांकडं गेलो. खालांनी भजी पुढं ठेवली. मला शुगर, तळकट बिरादार डॉक्टरांनीच दटावून बंद केलेलं. खाला चहा आणायला आत वळल्या, तसं मी ताटलीतलं भजं गपकन तोंडात टाकलं.

"काय खाल्लं? खरं सांग!"

तोच आवाज. भजं घशातच अडकलं. पिंजऱ्यात सिकंदर मान वाकडी करून माझ्याच तोंडाकडं बघत होता.

खाला दारात थांबल्या. पदरानं डोळे पुसले आणि हसू दाबत म्हणाल्या, "सांगा की भाई. डाक्टरसाब इचारून राहिलेत."