मामांचा राहिलेला अर्ज

माझ्या मामांइतकी मागे राहण्याची हौस असलेला माणूस अख्ख्या सेनगाव तालुक्यात दुसरा झाला नाही. झाला असलाच तर तो मामांच्याही मागे उभा असणार, म्हणून कुणाच्या नजरेस पडला नसणार. निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकलेले मामा तिथली अक्षरं पुढे विसरले, अदब तेवढी राहिली. दार कुठलंही असो, स्वतः बाजूला होऊन ते दुसऱ्याला आत सोडायचे. सकाळी न्हाव्याकडे दाढीला गेलेला हा माणूस येईल त्याला आपला नंबर देत देत दुपारी होती तशीच दाढी घेऊन घरी परतायचा. तालुक्यातल्याच गोरेगावला जाणाऱ्या जीपमध्ये बसायला जागा मिळालीच, तर पुढच्या फाट्यावर चढणाऱ्याला ती देऊन हे मागच्या दांडीला लटकायचे. लग्नात हटकून शेवटच्या पंगतीला, त्यामुळे यांच्या ताटात कधी बुंदी पडल्याचं मी पाहिलं नाही. लग्नाहून आल्याबरोबर मामी चूल पेटवायची आणि म्हणायची, "यमदूत दारात आला तरी हे म्हन्तील, आधी शेजारच्याचं उरका, मला काई घाई न्हाई."

असा माणूस पंचायत समितीच्या निवडणुकीला उभा राहील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. पण गाव आणि बंजाऱ्यांचा तांडा यांच्यामध्ये एक ओढा होता. पावसाळ्यात तो भरला की तांड्यावरच्या लेकरांची शाळा बंद, आणि अडलेल्या बाईला बाजेवर घालून छातीभर पाण्यातून आणायचं. पुलासाठी हेलपाटे घालून सगळे थकले होते. त्या साली एक पोरगी वाहून जाता जाता वाचली, आणि तांड्याचे म्हातारे प्रमुख, म्हणजे नायक, मामांच्या ओसरीवर येऊन बसले. "भाऊ, आता तुमीच उभं ऱ्हा. सारा तांडा तुमच्या मागं हाय, बौद्धवाड्यातलेबी हाईत." मामा जन्मात पहिल्यांदा पुढे व्हायला तयार झाले. ते निवडून येणार, हे विरोधकसुद्धा खासगीत कबूल करत होते.

अर्ज भरायचे आधीचे दिवस "बाकीच्यांचं होऊ द्या, गर्दी कमी होईल" म्हणण्यात गेले. शेवटच्या दिवशी आम्ही जीप भरून सेनगावच्या तहसीलला गेलो. दुपारी तीनच्या ठोक्याला साहेबांच्या दालनात जो असेल त्याचाच अर्ज घ्यायचा, असा नियम होता. आम्ही बराच वेळ आधी पोचलो, पण साहेब बोलावतील तेव्हा जाऊ म्हणत मामा दाराशीच थांबले, रांगेत सगळ्यात पुढे. तीनला पाचच मिनिटं उरली तेव्हा त्यांच्याविरुद्ध उभे राहणारे गृहस्थ घामाघूम होऊन धावत आले, आणि मामांचे पाय आपोआप बाजूला सरले. "या, या. लांबून यायची तकलीफ झाली तुमाला, व्हा पुढं." गृहस्थ आत गेले, त्यांचा सूचक गेला, मग एक बाई आणि तिच्या उमेदवारीचा खरा मालक म्हणजे तिचा नवरा गेला, मग आणखी कोणी, आणि त्यांच्यामागून आणखी एक बाई आली. नायक मागून कळवळून ओरडले, "भाऊ, काहून थांबून राहिले? शिरा ना आत!" "शिरतो की. एवढ्या बाईमाणसाला जाऊ द्या," मामा म्हणाले, आणि शिपायाने दार लावलं.

मग जो कालवा झाला तो विचारू नका. आमची माणसं म्हणाली, भाऊ सगळ्यांच्या आधी आले, त्यांचा अर्ज घ्यायलाच पाहिजे. आतली माणसं म्हणाली, नियम म्हणजे नियम. साहेब भला होता, स्वतः दारात आला. "काका, तीन वाजता तुम्ही उंबऱ्याच्या आत होता की बाहेर?" मामांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. "बाहेर," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही तक्रार घेऊन हिंगोलीच्या मोठ्या कचेरीत गेलो, तर तिथेही मामांनी एका म्हाताऱ्याला आणि एका लेकुरवाळीला रांगेत पुढे घातलं. आमची पाळी आली तेव्हा मोठे साहेब बैठकीला निघून गेले होते. मी डोक्याला हात लावला. हसावं की रडावं ते कळेना.

ते घामाघूम गृहस्थ निवडून आले. त्यांनी पूलही आणला, पण स्वतःच्या गावच्या रस्त्यावर. नायक मामांना कधी एका शब्दाने बोलले नाहीत, आणि मामांना तेच जास्त लागलं. एकदा समजूत घालावी म्हणून मी म्हणालो, "मामा, तुम्ही काही वाईट केलं नाही. चांगुलपणाच केला."

"कशाचा चांगुलपना?" मामा एकदम म्हणाले. "माझं असतं अन् देऊन टाकलं असतं तर बराबर व्हतं. ती जागा तांड्याची व्हती रे. म्या कोन ती देनारा?"

इतक्या सज्जन माणसाला आपल्या सज्जनपणाची लाज वाटावी, याचं मला फार वाईट वाटतं. पुढे ते होते तोवर दर पावसाळ्यात ओढा भरला, की सकाळी शाळा भरायच्या वेळेला मामा ओसरीवर येऊन बसायचे आणि घंटा होऊन गेली तरी पलीकडे तांड्याच्या वाटेकडे बघत राहायचे.