आधी वाफ, मग पाणी

काचमावशींच्या हातात जुनी बाटली दिली की त्या आधी डोळे मिटत. नवख्या माणसाला वाटे, बाईंना डुलकी लागली. प्रत्यक्षात त्यांचा अंगठा बाटलीच्या अंगावरून हळूहळू वर सरकत असे, शिवण शोधत. साच्यातून निघालेल्या बाटलीच्या दोन्ही बाजूंना एक बारीक उंचवट्याची रेघ असते, साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथली. ती थेट तोंडाच्या काठापर्यंत चढली असेल तर बाटली यंत्राने केलेली. गळ्यापाशीच विरली असेल तर तोंड कुणीतरी हाताने वळवलेलं. आणि शिवणच नसेल, बुडाला खरबरीत वण तेवढा लागत असेल, तर ती माणसाने नळीतून फुंकून फुगवलेली. असा वण हाताला लागला की मावशींचा आवाज आपोआप खाली यायचा.

"ही कुणाच्या तरी छातीतून आलेली आहे," त्या म्हणायच्या.

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे आणि बायकोची थट्टाही तितक्याच नेमाने करायचे. "इतकं निरखून माझ्याकडे लग्नातसुद्धा बघितलं नव्हतंस," ते म्हणत. "तुम्हाला शिवण नव्हती," मावशी मान वर न करता उत्तर देत. यजमान जाऊन आता सहा वर्षं झाली. मावशी अजूनही मधूनच एकट्या हसतात तेव्हा सुनेला कळतं, काय आठवलं ते.

सोळाव्या वर्षी त्या औषधांच्या कारखान्यात बाटल्या धुवायला लागल्या. एकतीस वर्षं हात सोड्याच्या पाण्यात. मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या, धुण्याचं खातंच बंद झालं आणि मावशी घरी बसल्या. घरी बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी कारखान्याचं सामान उचलायला आला होता, तो त्यांना एक मळकी निळी बाटली देऊन गेला, साफ होते का बघा म्हणाला. मावशींनी दोन दिवस घासून ती लख्ख केली. व्यापाऱ्याने बघितली आणि कपाळाला हात लावून तो पायरीवरच बसला. मावशींनी जो मळ म्हणून घासून काढला, ती शंभर वर्षं मातीत राहिल्याने काचेवर चढलेली सप्तरंगी साय होती. बाटलीची अर्धी किंमत त्या सायीची होती.

त्या दिवशी मावशींना फार लाज वाटली. एकतीस वर्षं जे येतं म्हणून मिरवलं, तेच नडलं होतं. तेव्हापासून त्यांनी स्वतःला नियम घातला. बाटली आली की आधी अंगठा, मग खिडकीचा उजेड, मग चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी तोंडाची वाफ. पाणी सगळ्यात शेवटी. वाफेवर जुन्या चिकटलेल्या कागदाची जागा उमटते. कागद कधीचाच गेलेला असतो, पण खळीखालची काच आणि उघडी काच वेगवेगळी म्हातारी होते. वाफ दोघींवर सारखी बसत नाही. पहिल्यांदा एका बाटलीवर असा चौकोन उमटला आणि बघता बघता विरला, तेव्हा मावशींच्या अंगावर काटा आला होता. इतक्या वर्षांत तो काटा बोथट झालेला नाही, आणि मला वाटतं त्यांची खरी लायकी तीच आहे.

त्यांची कामाची खोली म्हणजे मागच्या अंगाची पत्र्याची पडवी. एक दगडी कुंडी, उत्तरेची खिडकी, फळ्यांवर शेदीडशे बाटल्या, तांब्याच्या तारेचे तुकडे भरलेला डबा आणि बाकीच्यांनी हात लावायचा नाही असे सात ब्रश. तारेचे तुकडे आणि पाणी घालून बाटली तासन्‌तास हलवली की आतला धुरकटपणा निघतो. गरम पाणी मात्र कधीच नाही, थंड काच त्याने तडकते. कुणी किंमत विचारायला आलं तर मावशी आधी काचेतला बुडबुडा दाखवत. "यात त्या दिवशीची हवा आहे," त्या सांगत. "फुंकणारा गेला, त्याची नातवंडं गेली, हवा आहे तिथेच आहे." ऐकणाऱ्याला घाई असायची, त्याला आकडा हवा असायचा. तोही त्या सांगत, पण जरा नाराजीनेच.

अशा या मावशींकडे एक शाळेतल्या बाई आल्या, हातात रुमालात गुंडाळलेली औषधाची बाटली घेऊन. बिनरंगी चपटी बाटली, वीतभर उंच. शिवण काठापर्यंत, म्हणजे यंत्राची. बाजारात तिला कुणी विचारलं नसतं.

"आईला येत्या सोमवारी एक्याऐंशी पूर्ण होतात," बाई म्हणाल्या. "माळ्यावरच्या पेटीत सापडली. आजीने जपून ठेवलेली होती. म्हटलं चकचकीत करून द्यावी. बाहेरून मी घासली घरीच, पण आतले डाग हटतच नाहीत."

मावशींनी बाटली उजेडात धरली. आत तपकिरी कडी होती, एकाखाली एक, आटत जाणाऱ्या तळ्याच्या काठावर उरतात तशी. सगळ्यात वरचं कडं जाड आणि ठाम होतं. मग सवयीने त्यांनी बाहेरून वाफ सोडली. काच पांढरी झाली आणि तिच्यावर एक उभी पट्टी उमटली, कडेला दातेरी कापलेली.

"इथे कागद होता का?"

"होता की. बुरसटलेला. भिजवून काढला मी."

मावशींनी जीभ चावली. स्वतःची निळी बाटली त्या विसरल्या नव्हत्या. जुने कंपाउंडर मिश्रणाच्या बाटलीवर अशी पट्टी डकवत. तिच्या कडेचा एक दात म्हणजे एक घर, एक घर म्हणजे एक डोस. "कुणाचं औषध होतं हे?" त्यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "मामाचं. दीड वर्षाचा होता, तापात गेला. आई त्यावर बोलत नाही. एकदाच म्हणाली होती. आजी कामावर जायची, दुपारचा डोस आईने द्यायचा. आई तेव्हा नऊ वर्षांची. दुसऱ्या दिवशी दुपारी तो रडत होता, म्हणून तिने पुन्हा पाजलं की नुसतं मनात आलं होतं, ते तिला आठवत नाही. आजी तिला कधी एका शब्दाने बोलली नाही. पण बाटलीही टाकली नाही."

मावशींचा हात बाटलीवर तसाच राहिला. वरचं जाड कडं म्हणजे औषध वर्षानुवर्षं जिथे उभं होतं ती जागा. बाहेर पट्टी, आत कडं. किती डोस गेले ते काचेवर लिहिलेलं होतं, बहात्तर वर्षं.

"मी ही धुणार नाही," त्या म्हणाल्या आणि कारण सांगितलं. "आईंना विचारा, बघायचं आहे का. जबरदस्ती नको. नको म्हणाल्या तर सांगा, मी लख्ख करून देते."

बाई गेल्या. पुढचे दोन दिवस मावशींचं कशात लक्ष लागेना. बाटली त्यांनी वरच्या फळीवर ठेवली, तिच्यावरची घरं मोजली मात्र नाहीत. किती वेळा द्यायचं होतं ते त्या घरच्यांनाच माहीत, मोजून त्यांना काय कळणार होतं? पण खरं कारण ते नव्हतं. आकडा वाईट निघाला तर? एका दुपारचं काम होतं. तारेचे तुकडे, पाणी, की विषय संपला, म्हातारपणी एका जिवाला सुखाने राहता आलं असतं. सून म्हणाली, "आई, द्या की धुऊन. तुम्ही का डोक्याला ताप करून घेता?" मावशी म्हणाल्या, "माझी नाही ती, म्हणून."

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेतल्या बाईंच्या आई आल्या, लेकीचा हात धरून. लहानखुऱ्या, ताठ आजीबाई. चहा नको म्हणाल्या आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या.

"मंगळवारी सकाळी पहिला डोस," त्या कुणी न विचारताच सांगू लागल्या. हे त्यांनी हजारदा मोजलेलं होतं. "सकाळी आणि संध्याकाळी आई द्यायची, दुपारी मी. मंगळवारचे तीन, बुधवारचे तीन. गुरुवारी उजाडताना तो गेला. बाटली आठ डोसांची. सहाच गेले असतील तर दोन उरायला हवेत. बघा तुम्ही. मी ऐकायला आले आहे."

मावशींनी बाटली खिडकीशी धरली. वाफ सोडली. पट्टी उमटली आणि त्या वरून घरं मोजू लागल्या, पण चौथ्यापाशीच ती विरली. त्यांचा श्वास आखूड झाला होता. त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी पुन्हा वाफ सोडली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहावं घर जिथे संपत होतं, तिथेच ते कडं होतं. खाली दोन घरं. त्यांनी तिसऱ्यांदा मोजलं, कारण अशा गोष्टीत आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची त्यांची हिंमत नव्हती.

"दोन उरले होते," मावशी म्हणाल्या.

आजीबाईंनी बाटलीकडे बघितलं. मग त्यांनी हात पुढे केला. मावशींनी बाटली दिली आणि कसं धरायचं ते दाखवलं. म्हाताऱ्या फुप्फुसांतून वाफ ती कितीशी निघणार. पहिल्या खेपेला काही दिसलं नाही, दुसऱ्या खेपेला नुसतं धुकं. तिसऱ्या खेपेला पट्टी उमटली आणि आजीबाईंनी बोटाच्या टोकाने, काचेला न टेकवता, सहा घरं मोजली. त्यांच्या लेकीने तोंडाला पदर लावला. मावशींना वाटलं, इतक्या वर्षांत इतक्या बाटल्या पाहिल्या, पण काचेला काय काय माहीत असतं ते आपल्याला आज कळतंय.

"तेव्हा तर कागद होता यावर," आजीबाई हळू म्हणाल्या. "आईला रोज दिसत असणार. तिला ठाऊक होतं. मला वाटायचं, मी काय केलं ते माझ्यासमोर राहावं म्हणून ठेवली आहे. ती मला दाखवायला ठेवत होती, आणि ती ज्या फडताळात होती ते मी कधी उघडलं नाही."

मावशींनी विचारलं, "धुवायची का?"

आजीबाईंनी नकारार्थी मान हलवली. मग त्या बाटलीवर पुन्हा वाकल्या, जमेल तेवढा श्वास घेतला, वाफ सोडली आणि पट्टी विरायच्या आत घाईघाईने म्हणाल्या, "आई, त्या दुपारी एकदाच दिलं होतं गं मी."