खंडेनवमीला धुतलेली पूड

खंडेनवमीच्या सकाळी इंदरगंजातल्या आमच्या प्रयोगशाळेत पोहोचले, तर माझी ग्राफीनची बाटली लख्ख रिकामी! तीन आठवडे खपून ती काळी पूड मी बनवली होती. तपासायला आलेल्या डाळीच्या अर्कात ती ढवळली की कीटकनाशकाचा अंश तिला चिकटतो. तो सोडवून यंत्रात घातला, तरच यंत्राला काही दिसतं. नाहीतर ते यंत्र आंधळंच.

"सर, यातली पूड कुठाय?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ती काजळी? घासून टाकली ना मी," आमचे साहेब कौतुकाने म्हणाले. त्यांचे पणजोबा फौजेत होते. घरी तलवारी पुजतात, इथे काचेची भांडी. "शस्त्रं मैली ठेवून पूजा कशी करायची?"

बाटलीवर मी ठसठशीत अक्षरात लेबल लावलं होतं. तेही त्यांनी खरवडून काढलं होतं! एक फोन करता येत नव्हता? माझं डोकं सणकलं.

तेवढ्यात पूजा सुरू झाली. मोठ्या यंत्राला हार, तराजूला कुंकू. मग साहेबांनी माझ्या रिकाम्या बाटलीवरही झेंडूचं फूल ठेवलं आणि मला म्हणाले, "हात जोड. तुझंच तर शस्त्र आहे हे."