खबर देणारीचं नाव

लाकडी पेट्या हलवल्या तेव्हा आधी कांदे घरंगळले, मग एक जँडल दिसली. इथं न्यूझीलंडमध्ये रबरी चपलेला जँडल म्हणतात. निळी होती. आम्ही शोधत होतो त्या मुलीच्या पायात बूट होते. म्हणजे खाली दोघी होत्या, आणि दुसरीला तोवर कुणी शोधतच नव्हतं.

ती संध्याकाळ मला अजून तासातासानं सांगता येते.

मी महाराष्ट्र पोलिसात तीस वर्षं काढली, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि लेकीकडे इथं पुकेकोहेला राहायला आले. ही केस माझ्या नोकरीतली नाही. पण तपास माझ्या शिकवणीवर चालला होता, म्हणून ती माझीच धरते.

नात तेरा वर्षांची. ती आणि तिची लाल केसांची मैत्रीण गावातल्या भानगडींचा छडा लावायच्या. हरवलेली सायकल, फुटलेली काच. मला विचारायच्या, मी सांगायचे. वहीत वेळ लिहा. बदली आल्याशिवाय जागा सोडू नका. खबऱ्याचं नाव मेलं तरी फोडायचं नाही. माझाही वेळ जायचा.

त्या उन्हाळ्यात डेअरीवाल्याची, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानदाराची, कुत्री नाहीशी झाली. मुलींना खबर मिळाली, की कांद्याच्या एका बंद शेडमधून केकाटण्याचा आवाज येतो. त्यांनी पाळत ठेवली. नात चार वाजता मैत्रिणीला चार्ज देऊन घरी आली. सहाला मैत्रिणीची आई दारात उभी. मुलगी घरी पोचली नव्हती.

इथला पोलीस आला, "किया ओरा" असा माओरी नमस्कार केला आणि नातीला विचारू लागला. सोबत कोण होतं, कुठे होतात. नात पाण्याचा ग्लास धरून बसली. खोटं बोलणारा बोलत सुटतो, लपवणारा हातात काहीतरी धरून ठेवतो. मी सगळ्यांना बाहेर काढलं.

"बोल."

"आय कान्ट, आजी."

"का?"

"यू सेड नेव्हर." मग मराठीत, "तिच्या बाबांचा जॉब जाईल."

"कुणाच्या बाबांचा?"

तिनं ग्लास आणखी घट्ट धरला.

दरडावलं, गोंजारलं, पुन्हा दरडावलं. कोठडीतल्या बायका माझ्यापुढे तासाभरात बोलायच्या. ही बोलली नाही. चांगली तयार केली होती मी.

साडेसातला माझी नजर तिच्या मोज्यांवर गेली. काठात कांद्याची टरफलं अडकली होती. एक काढून टेबलावर ठेवलं.

"नाव नको मला. शेड कुठल्या अंगाला, तेवढं बोट दाखव."

तिनं विचार केला. "इज दॅट अलाउड?"

"आहे."

तिनं खिडकीतून टेकडीकडे बोट केलं. हे मी सहालाच विचारायला हवं होतं.

शेड रस्त्यापासून आत, हाक ऐकायला कुणी नाही. दोघी पेट्यांच्या थप्पीवर चढून बसल्या होत्या, थप्पी कोसळली. कोपऱ्यात पोत्यांवर कुत्री व्यालेली, चार पिलं. चोर कुणी नव्हताच.

निळ्या जँडलवाली त्या शेडवरच्या मजुराची मुलगी. शेडची किल्ली बापाकडे असायची, ती गुपचूप तिनंच आणली होती, खबरही तिनंच दिली होती. आईबाप दुसरीकडे शिफ्टवर होते, पोरगी घरी आहे असं धरून.

नाव झाकायचा नियम खबऱ्याचा जीव वाचावा म्हणून असतो. एवढं एकच मी मुलींना सांगितलं नव्हतं. तासभर आधी पोचलो असतो तर काय, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

लाल केसांची मुलगी वाचली, हात मोडला. कुत्री आणि पिलं वाचली. खबर देणारी वाचली नाही.